आलेखातला आईचा खांब

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या आदिलाबादच्या शेतकी कार्यालयात संगणक आला. तो चालवणारा मी एकटाच, त्यामुळे माझं डोकं जरा फिरलंच होतं. चपला बाहेर काढल्याशिवाय मी साहेबांनाही त्या खोलीत येऊ देत नसे.

शेतकरी मेळ्यासाठी तलमडुगूकडच्या आमच्याच गावातल्या ज्वारीचा आलेख काढायचा होता. प्रत्येक शेतकऱ्याचा एक खांब. एकूण पीक भागिले जमीन, म्हणजे एकरी उतारा. यादीत आईही होती. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबल्यावर तिला अर्धा एकर मिळाला होता, आणि भिंतीवर आपलाही खांब दिसणार म्हणून ती गावभर सांगत सुटली होती.

पहिला आलेख निघाला तो विचित्रच. काही खांब वीस क्विंटलपर्यंत, बाकीचे त्यांच्यापुढे खुरटलेले. साहेब म्हणाले, "कोरडवाहूत एवढी ज्वारी? दहाच्या वरचे उडव." मी सूत्रात तशी अट घातली, आलेख गोजिरा दिसू लागला. कोण उडालं ते पाहायची तसदी या पंडितानं घेतली नाही.

मेळ्यात आई नवं लुगडं नेसून आली. अक्षरं जुळवत तिनं सगळी नावं दोनदा वाचली.

"माया खांब कुठी हाय रे?"

मी पिशवीतला पहिला आलेख काढून पाहिला. "तुयं पीक एकरी वीस क्विंटल दाखवून राह्यलं होतं. चूक समजून काढलं."

"अर्द्या एकरात चार झाली, तं एकरात आठ. वीस कुठून आणली?" पुन्हा भिंतीकडे पाहून ती म्हणाली, "एकराच्या आतलं कोनीच नाही इथं."

तेव्हा कुठे चूक माझ्या ध्यानात आली. वीस गुंठे जमीन पहाणीत, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, ०.२० अशी लिहायची आमची जुनी रीत. चाळीस गुंठ्यांचा एकर हे आम्हा सगळ्यांना पाठ. संगणकाला ते सांगायचं काम माझं होतं. त्यानं बिचाऱ्यानं आईचं शेत एकराचा पाचवा हिस्सा धरलं होतं.

"पयले आपल्याले लोकं वगळत," आई हसत म्हणाली, "आता घरचंच पोरगं वगळून राह्यलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सायकलवर कार्यालय गाठलं, गुंठ्यांना चाळिसानं भागलं, ती अट काढून टाकली आणि दुपारी नवा कागद चिकटवला. आईचा खांब आठवर, सगळ्यांत उंच. ती समोरच सतरंजीवर बसली आणि मधे येईल त्याला बाजूला सारत मेळा संपेपर्यंत तिथून हलली नाही.