दूध-पावडरीचा वास

नातसुनेने पणतूसाठी दूध-पावडरीचा डबा उघडला आणि त्या गोडसर वासाने मला दुष्काळातल्या मंगरूळपीरकडच्या माझ्या शाळेत नेलं. परदेशातून मदत म्हणून आलेल्या पावडरीची पोती तिथे आढ्यापर्यंत रचलेली होती, आणि ती पाठवणारा गोरा पाहुणा जीपने चौकशीला आला होता. गावात इंग्रजी येणारा मी एकटा मास्तर. त्याने एका मजूर बाईला विचारलं, दूध कसं आहे? ती म्हणाली, "मास्तर, त्याले सांगा, पावडर चांगली हाये, पन कालवाले पानी कोठी हाये? डबक्यातल्या पान्यात कालवतो, त लेकरायले हगवण लागून राह्यली. पोते नोका देऊ, एक इहीर खोदून द्या." शेजारी तालुक्याचे साहेब डोळे वटारून उभे होते, आणि माझी बदली त्यांच्या हातात होती. मी इंग्रजीत म्हणालो, ती तुमचे आभार मानते. पाहुण्याने खूश होऊन तिला हात जोडले. "सांगतलं न बराबर?" तिने विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. महिन्याभरात पोती दुप्पट आली. ती बाई मात्र गावाबाहेरच्या पडीक जमिनीत खुणेचे चार दगड मांडून बसली होती, म्हणाली, "तो आला त इहिरीची जागा दाखवाले लागन ना." आज नातसुनेला, पाणी नीट उकळून घे, एवढंच कसंबसं म्हणालो, तेही पन्नास वर्षं उशिरा.