विहिरीत टाकायचं औषध

"खुर्चीच्या पायाला बांध," डॉक्टर म्हणाले.

आरोग्य रक्षकांचं प्रशिक्षण होतं. त्या दिवशी पट्टी बांधायला शिकवत होते. जोड्या पाडल्या. माझ्या वाट्याला आमच्याच गावच्या सरपंचाचा पुतण्या आला, व्यंकट. त्याने हात मागे घेतला. दुसरं कोणी हात देईना. मग डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"खुर्चीला इटाळ न्हाई होत," व्यंकट म्हणाला. सगळे हसले. डॉक्टरही हसले. मी खाली बसून लाकडाला पट्टी बांधली.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, योजना नव्या. पाऊस तेवढा नव्हता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. बौद्ध वस्तीतला एक जण घ्यायचाच असा वरून हुकूम होता, म्हणून गावाने माझं नाव दिलं.

उन्हाळ्यात वस्तीचा आड आटला. पाणी उरलं ते गावविहिरीत. सरकारी पैशाने बांधलेली विहीर. पण दोराला आमचा हात लागायचा नाही. आमच्या बाया खाली घागरी घेऊन तिष्ठायच्या. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. तळाला गेलेलं ते गढूळ पाणी. गावात आणि वस्तीत एकदमच हगवण सुरू झाली. माझ्या चुलतीची लहान पोरगी माझ्या आईच्या मांडीवर गेली.

आम्हाला शिकवलं होतं: ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, निवळ पाणी पोहऱ्यात घ्यायचं, विहिरीत सोडून दोर खालीवर हलवायचा. सकाळी मी गेलो. पावडर कालवली. पोहरा सोडला. दोर हलवू लागलो.

"काय टाकायलास रं?" मागे व्यंकट.

"औषध. तुमाला ठावं हाय की, व्यंकटराव."

त्याला ठाऊक होतं. त्याच खोलीत बसून तोही शिकला होता. तरी तो ओरडला, "म्हारड्यानं हीर बाटवली!" माणसं धावली. कमरेत लाथ बसली. दोर तळहात सोलत निघून गेला. व्यंकटने माझे केस धरले.

"औषध हाय ना? मग आधी तू पी."

बादलीच्या तळाशी बसलेल्या त्या गाळात माझं तोंड दाबलं. घसा जळला. डोळे जळले. श्वास घेतला की आत आगच जायची. आई धावत आली, तिला काठीने मारलं. तिचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दिसत काही नव्हतं.

दुपारी डॉक्टर जीप घेऊन आले. चावडीत सरपंचाशेजारी बसले. आम्ही खाली, मातीत.

"हे बघ," ते मला म्हणाले, "विहिरीचं व्यंकट बघेल. तू वस्तीत गोळ्या वाट. काम झाल्याशी मतलब. पोलिसांना सांग, पाय घसरला."

मी आजवर कोणत्याही साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. घशातून आवाज फुटत नव्हता. कसाबसा बोललो, "न्हाई. औषध मीच टाकणार."

सरपंच शांतपणे म्हणाला, "मग तुजं मढंच निघंल तिथून."

आई हात छातीशी धरून बसली होती. ती म्हणाली, "निघू द्या. उचलायला आमी हाव."

तिथून आम्ही थेट ठाण्यात गेलो. फिर्याद दिली. जमादाराने संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. आम्ही बसलो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पावडर कालवली. एका डोळ्याने अजून धूसरच दिसत होतं. वस्तीतल्या बाया सोबत आल्या. हातात विळे होते. व्यंकट कठड्याजवळ उभा होता. मी पोहरा सोडला. तो पुढे आला असता तर मी त्याला मारलं असतं. जीव वाचवायचं शिक्षण घेतलं होतं, तरी मारलं असतं. तो आला नाही.

एकदा टाकलेलं औषध फार दिवस टिकत नाही. पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. मी टाकतो. कोणाच्या हातात देत नाही, आणि देणारही नाही.