लोटन आबा आणि स्टुलावरच्या पिशव्या

लोटन आबा ज्या खाटेशी पेटी घेऊन बसतो ती खाट आठवडाभरात रिकामी होते, हे जळगावच्या त्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो आधी पोराच्या उशाशी कान नेतो, किती श्वास उरलेत ते ऐकतो आणि मगच सूर धरतो, असंही म्हणत. म्हणून मंगळवारी दुपारी जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या की बायका खाटेजवळच्या स्टुलांवर पिशव्या ठेवून मोकळ्या होत. बसायलाच जागा नाही, तर वाजवील कुठे?

ही खबर आणली धुळ्याकडच्या पुष्पाबाईंनी. त्या नातवाला घेऊन सहा नंबरच्या खाटेवर होत्या. यावलकडे एका नातलगाच्या अंत्ययात्रेत त्यांनी या माणसाला गळ्यात पेटी अडकवून भजनी मंडळाबरोबर चालताना पाहिलं होतं.

"माय वं, तो जठे वाजाडस तठे खाट रिकामी व्हई जास," असं त्या म्हणाल्या. म्हणाल्या एकदाच. पुढच्या वीस वेळा ते भाविकाने म्हटलं.

भाविका पाच नंबरच्या ललितची सोळा वर्षांची बहीण. वडील यावलजवळच्या केळीच्या बागेत, आई आणि ही वॉर्डात. कुणाचाही आवाज एकदा कानावरून गेला की तो तिच्या घशात मुक्कामाला यायचा. पुष्पाबाईंचा तो 'वं', वर चढून तिथेच थोडा घुटमळणारा, तिने पाण्याच्या नळावर काढला, कॅन्टीनमध्ये काढला, लिफ्टमध्ये काढला. लोक पोट धरून हसले. हसून झाल्यावर वॉर्डात गेले आणि स्टुलावर पिशवी ठेवली.

आता खरं काय ते. अंत्ययात्रेचं खरं होतं. लोटन आबाचं मंडळ गावातल्या बारशालाही वाजवायचं आणि शेवटच्या वाटेलाही. वरणगावच्या कारखान्यात त्याची नोकरी झाली एकतीस वर्षं. पितळी नळ्या ठोकायच्या आणि नुसत्या आवाजावरून चीर सांगायची. निवृत्तीनंतर तो एकदा ओळखीच्या पोराला भेटायला इथे आला, त्या पोराने गाणं मागितलं, आणि मेघा सिस्टर म्हणाल्या, "आबा, दर मंगळवारी येत जा की." तेव्हापासून तो यायचा, बरोबर ढोलकीला टॉवेल गुंडाळून योगराज. दोघेही स्वतःच्या चहाचा थर्मास आणायचे. खाटा रिकाम्या झाल्या हेही खरं. जामनेरची मुलगी बापाच्या मोटरसायकलवर बसून घरी गेली. एकाला मुंबईला हलवलं. एक मुलगा मात्र गेला. अफवेला तेवढा एक पुरला.

त्या मंगळवारी ललितचा न जेवण्याचा पाचवा दिवस होता. नऊ वर्षांचं पोर, रक्ताचा आजार, त्यात तोंड आलेलं, आणि आता तर बोलणंही सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेलं. सकाळी डॉक्टर सांगून गेले होते, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." हे ऐकून ललितने पांघरूण आणखी वर ओढलं होतं.

लोटन आबा पाच नंबरपाशी आला. आईने आधीच स्टुलावर पिशवी ठेवली होती.

"आबा, इथं नका."

"बरं माय," तो म्हणाला. पण गेला नाही. मान वाकवून, डोळे मिटून उशाशी उभा राहिला. भाविकाच्या अंगावर काटा आला. मोजतोय हा. मग त्याने पेटीची एक पट्टी हलकेच दाबली, मान हलवली आणि वळला.

भाविकाने त्याला व्हरांड्यात गाठलं.

"काय ऐकत होते तुम्ही माझ्या भावाजवळ?"

"भावाजवळ नाई, मशीनजवळ. ठोके मोजतं ना ते, टिंव् टिंव्. त्याचा सूर पाह्यत होतो. पेटीची काळी दोन पट्टी लागू राह्यली. पोराच्या कानात रात्रंदिवस तेच चाललंय, बाई. मी भलत्याच सुरात पेटी धरली तर दोन्हीकडून डोकं उठंल त्याचं. म्हनून मशीन ज्या सुरात, त्या सुरात मी."

"मशीनला कुठे सूर असतो?"

"तुलेच माहीत. त्या दिवशी तूच तर तोंडानं काढला होता. मेघा सिस्टर धावत आल्या होत्या."

भाविकाला बरंही वाटलं आणि रागही आला. हा माणूस कान देऊन काय काय ऐकत असतो? पण त्याला हरवायची नेमकी जागाही तिला सापडली.

"मग पैज लावा. तुम्ही भिंतीकडे तोंड करायचं. कधी मशीन वाजेल, कधी मी; कोण ते ओळखायचं. एकदा जरी चुकलात तर या वॉर्डात परत यायचं नाही."

"अन् नाई चुकलो तं?"

"तर बसा ललितजवळ."

"आनखी एक. पुष्पाबाईच्या आवाजात तू जे वाटत फिरली ना, ते त्याच आवाजात परत घ्यायचं. जिथं जिथं वाटलं तिथं."

म्हणजे याला हेही माहीत होतं. भाविकाचे कान तापले, पण ती हो म्हणाली. जिंकणार तीच होती.

मेघा सिस्टरनी नाही नाही म्हणत, यंत्राच्या पडद्यावर डोळा ठेवून, त्याचा आवाज आपल्या हाताने बंद-चालू करायचं कबूल केलं. आई ललितच्या पायावर हात ठेवून बसली. लोटन आबा भिंतीकडे वळला. टिंव्, टिंव्, टिंव्.

"मशीन."

पुन्हा टिंव्, टिंव्, टिंव्, टिंव्, टिंव्. तोच सूर, तेच अंतर. योगराजने सिस्टरच्या हाताकडे पाहिलं.

"बाई."

मग मशीन, परत मशीन, मग भाविका आणि लगेच भाविका. एकदाही चुकला नाही.

"कसं काय?" तिने विचारलं. आवाज तिचा स्वतःचाच, जरा चिरका निघाला.

"सूर पक्का होता तुहा. पन मशीन दम नाई घेत. चौथ्यानंतर तू घेतला."

"थुंकी पण गिळते," पांघरुणातून कुणीतरी म्हणालं.

आईने वाकून पाहिलं. ललितने तोंड बाहेर काढलं होतं. "मला आधीच कळलं होतं. परत कर."

पिशवी आईनेच उचलली. लोटन आबा बसला, काळी दोन धरली, आणि यंत्राच्या ठोक्यांमधल्या फटींत एक साधी चाल घालू लागला. योगराजची बोटं टॉवेलवर. भाविका मधूनमधून टिंव् काढी, ललित "आता ताई", "आता मशीन" असं ओळखत होता आणि त्या नादात आईने चार चमचे वरण-भात आत सरकवला. पाचव्याला तो रडला, तोंड फार दुखत होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी वाटी पाहिली आणि नळीचं उद्या सकाळी बघू म्हणाले.

राहिली पैज. भाविका नळावर गेली, कॅन्टीनमध्ये गेली, शेवटी सहा नंबरपाशी येऊन उभी राहिली. खाली मान घालून, पण 'वं' अगदी जागच्या जागी ठेवून म्हणाली, "माय वं, तो बाप्पा मशीनना सूर ऐकस. खाट रिकामी करस नही."

पुष्पाबाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"मी आशी बोलस का वं?"

"हो."

त्यांनी नातवाकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. पिशवी काही उचलली नाही. नुसती भिंतीकडे सरकवली, अर्धा माणूस टेकेल एवढी.