सात ताटांतली वटवाघळं

नारायण पेठेत मी ज्यांच्याकडे स्वयंपाकाला होते, त्या ताई कॉलेजात शिकवायच्या आणि सुट्टीत अंदमानला जाऊन वटवाघळं बघायच्या. कुठल्या बेटावर किती जातींची राहतात, हे त्यांना ताडून बघायचं होतं. वटवाघळांत जाती असतात हे मला तिथेच कळलं. तोवर मला लटकणारं सगळं एकच वाटायचं.

एका सकाळी त्यांनी फोटो धुऊन आणले. पंख्याने उडतात म्हणून माझी सात ताटं घेतली आणि एकेका बेटाचे फोटो एकेका ताटात मांडले. मागे बेटाचं नाव लिहायचं तेवढं राहिलं आणि त्या कॉलेजात गेल्या.

दुपारी त्यांच्या मुलाच्या कॉम्प्युटर कंपनीतले पाच जण जेवायला येणार होते. घरात ताटं ती सातच. मी फोटो उचलले आणि चमचे-डाव लावते तसे सारख्याला सारखे लावून ठेवले. नाकावर पानासारखी कातडी असलेली एकीकडे, कुत्र्याच्या तोंडाची दुसरीकडे. छान दिसत होतं. ताटं घासून वाढायला घेतली.

ताई परतल्या तेव्हा जेवणं उरकली होती.

"मावशी, माझी बेटं कुठायत?"

त्यांचे सासरे सुपारी कातरत होते. "घासून पालथी घातलीत," ते म्हणाले. "जरा निथळू दे."

ताईंनी फोटोंचे गठ्ठे चाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच फोटो घेऊन त्यांना कॉलेजात बोलायचं होतं. बेटांवर केलेल्या नोंदींच्या वहीत एकेक शोधून पुन्हा लावायचे तर दोन दिवस लागले असते. माझं काम गेलंच, असं मी धरून चालले. त्या घरात 'हो'पलीकडे मी कधी बोलले नव्हते.

पण कुणाच्या ताटात काय आहे हे माझ्या लक्षात राहतं. वाढणाऱ्या बाईला राहावंच लागतं. पदर तोंडाशी धरून म्हणाले, "पोचा आलेल्या ताटात दोनच प्रकार होते. दोन्ही कुत्रतोंडी."

ताईंनी वही उघडली. "बरोबर! ते सगळ्यात छोटं बेट. पुढे?"

मी एकेका ताटाचे फोटो वाढत गेले, त्या वहीत बघत गेल्या. शेवटी एक फोटो उरला. तो काही केल्या आठवेना.

"आग्रह करून वाढा कुठेही," सासरे म्हणाले.

ताईंनी तो वहीतून शोधला. मग माझ्या हातात पेन दिलं. "मी नावं सांगते, तुम्ही मागे लिहा. उद्या पुन्हा ताटं लागतीलच."

उद्या! मी लगेच लिहायला बसले.

"आणि रात्रीचा स्वयंपाक?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही करा, बाबा."

त्यांनी पोहे केले. कच्चे होते. मी दोनदा घेतले.