आप्पांच्या इंजनाखालची गादी

आमच्या मावशीच्या यजमानांइतका मोटारीवर जीव टाकणारा माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसेल, आणि त्यांच्या मोटारीइतकी माणसाच्या जिवावर उठलेली मोटारही नसेल. सारं घर त्यांना आप्पा म्हणे. धाराशिवात त्यांची धान्याची आडत होती. मी तेव्हा तिथल्या कचेरीत उर्दू नकला करणारा कारकून होतो आणि मावशीकडेच राहत होतो, म्हणजे गाडी ढकलायला कायम हाताशी होतो. गाडी कुणा जहागीरदाराने वापरून, कंटाळून विकलेली. चालू केली की आधी इंजन थरथरे, मग दारं, मग आत बसलेली माणसं. बोलायला तोंड उघडलं की जीभ चावली जाई, त्यामुळे आप्पांच्या गाडीत बसलेला माणूस फार सभ्य दिसायचा.

हा दोष गाडीचा आहे हे आप्पांना मान्य नव्हतं. आधी त्यांनी रस्त्याला शिव्या दिल्या. पण गाडी दारात उभ्या उभ्याही तशीच हले. मग त्यांच्यातला आडत्या जागा झाला. वजन एका अंगाला जात असणार! झालं, गाडीत बसायला आलेल्या माणसाला ते आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत आणि "तुमी डावीकडं. गुरुजी, तुमी मधी," असं मापून बसवत. एकदा पारडं जुळेना म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर ज्वारीचं अर्धं पोतं दिलं. अणदूरपर्यंत मी ते सांभाळलं. गाडी हलायची ती हललीच, वर माझ्या पायांना मुंग्या आल्या. गाडीशी ते दखनीत लाडानं बोलत आणि चिडले की कानडीत. "कानडी तिला लवकर कळतंय," असं त्यांचं मत होतं.

हे असंच चाललं असतं. पण त्यांची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची झाली. लातूरहून रेल्वेनं येडशी, तिथून रस्त्यानं धाराशिव. गाडी घेतली त्याच दिवशी आप्पांनी मनाशी धरलं होतं, की पोरीला बाळंतपणाला हिच्यातूनच आणायचं. मावशीनं ते तिथल्या तिथं मोडलं. "त्या हालत्या भुतात माझी पोर बसनार न्हाय. बैलगाडी धाडा, खाली कडबा लई घाला." आप्पांचा घास हातातच राहिला. मावशीचा त्यांना राग आला नाही. ती खरं बोलतेय हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पटलं, आणि चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आडतीवरचे हमाल बोलावून त्यांनी पहारीनं इंजन उचललं. ज्या रबरी गाद्यांवर ते बसवलेलं असतं, त्यांचा भुगा झाला होता. लढाईचे दिवस, रबर सोलापुरात मिळेना की हैदराबादेत. मग आप्पांनी तेरच्या एका धनगराकडून जाड घोंगडी आणली आणि तिच्या घड्या इंजनाखाली सारल्या. थोडे दिवस गाडी गुणानं वागली, मग तेल पिऊन लोकर करपायला लागली आणि गल्लीतली कुत्री वासावर मागं लागली. पुढं विहिरीवरच्या जुन्या मोटेचं कातडं कापून घातलं. ते इतकं कडक, की माझी एक दाढ त्यात गेली असं मी अजून मानतो. अखेर वर-खाली कातडं आणि मधे घोंगडी असं जमलं. तेही बसवताना त्यांनी आधी बोल्ट एवढे आवळले की थरथर पुन्हा वर आली. "जू मानंवर लई आवळलं तर बैल पाय उचलंल का?" असं म्हणून त्यांनी पाना उलटा फिरवला. मावशीनं काठोकाठ ताकाचा तांब्या मागच्या सीटवर ठेवला आणि म्हणाली, "करा चालू." ताक काठाशी हललं, सांडलं नाही. "जावा मग," मावशी म्हणाली. "पर हळू."

गाडी ढकलायला मी बरोबर होतोच. येडशीला लेक उतरली ती दमलेली, पाय सुजलेले. गाडी बघून कचरली. "आप्पा, हिच्यात?"

"बस तर खरं, माय. हालली तर तिथंच उतर, बैलगाडी करतो."

ते इतक्या हळू निघाले की दोन बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. एरवी अशा अपमानावर आप्पांनी कानडी काढली असती. आज ते खड्डे चुकवत राहिले. घरी पोचलो आणि मागं पाहिलं, तर पोर गाढ झोपलेली.

मावशी भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात आली. आता इंजन बंद करायचं. पण बंद होताना ते एक शेवटचा गचका देई, तो मात्र काही केल्या गेला नव्हता. आप्पांचा हात किल्लीपर्यंत गेला आणि मागं आला. "जागी हुईल," ते पुटपुटले. पेट्रोल कुपनावर थेंब थेंब मिळत होतं, आणि ते तसेच बसून राहिले.

"अवो, बंद करा की," मावशी म्हणाली. आप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. तिनं आत डोकावून लेकीकडं पाहिलं आणि भाकरतुकडा मांडीवर घेऊन गाडीच्या फुटबोर्डावर टेकली.

मला कचेरी गाठायची होती. वळणापर्यंत इंजनाचा आवाज येत होता. आप्पा जाऊन आता फार वर्षं झाली, गाडी कुणाकडं गेली ठाऊक नाही. मी पुढं चांगल्या चांगल्या मोटारींत बसलो, पण आप्पा आठवतात ते त्या दुपारी किल्लीवरून हात मागं घेतानाच. इंजन शेवटी केव्हा बंद केलं, हे मावशीला विचारायचं राहूनच गेलं.