लोखंडाच्या भाकरी

छावणीतली एक व्यायामशाळा बंद झाली, तेव्हा तिथलं एक मशीन माझ्या मुलानं घरी उचलून आणलं. टेम्पोतून उतरवायला चौघं लागले. उंच लोखंडी चौकट, वर एक कप्पी, खाली एक, वरच्या कप्पीवरून आलेली तार. तारेच्या एका टोकाला आडवा दांडा, दुसऱ्या टोकाला वजनं अडकवायची सळई. खाली बसायला गादीचा पाट. पाटावर बसून डोक्यावरचा दांडा दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढायचा, की मागं वजनं वर जातात. सोडला की खाली येतात. हात आणि पाठ मजबूत होते म्हणे. मुलगा पंधरा दिवस बसला. मग त्याची कंपनीतली पाळी बदलली आणि मी त्या चौकटीवर चादरी वाळत घालायला लागले.

माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला होता. गुलमंडीतल्या एका दुकानाच्या साड्यांना मी फॉल लावते. मान खाली, हात पोटाशी. या कामात हात वर न्यायची वेळच येत नाही, म्हणून खांदा कधी धरला ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा वेणी घालता येत नव्हती.

माझी लेक सिल्लोडला दिली आहे. तिला सातवा महिना लागला तेव्हा तिच्या सासरी ओटीभरण झालं. तिच्या केसांत फुलांची वाडी बांधायला मी हात उचलला तर तो अर्ध्यात थांबला. विहीणबाईंनी पाहिलं. त्या मोकळ्या स्वभावाच्या, मनात येईल ते बोलणाऱ्या.

"असू द्या इहीणबाई," त्या म्हणाल्या. "बारशाला तुमच्या जागी माझ्या जाऊबाईला उभं करू. हात असा अधांतरी राहिला तर उगं इपरीत नको."

बायका हसल्या. मीही हसले. पण त्या खोटं काही बोलल्या नव्हत्या.

आमच्यात बारशाला पाळण्याच्या एका बाजूला आईची आई उभी राहते, दुसऱ्या बाजूला बापाची आई. एकीनं बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं घेऊन पाळण्यावरून परत द्यायचं. आधी वरवंटा कापडात गुंडाळून असाच फिरवतात, मग बाळ. चार माणसांत पुढं व्हायला मला लाज वाटते. लग्नात फोटोलासुद्धा मी मागं उभी राहते. पण ही एक जागा मला पाहिजे होती. पहिलंच नातवंड, आणि माझ्या जागेवर जाऊबाई?

दवाखान्यातल्या बाईंनी खांद्याला व्यायाम सांगितलाच होता. सिल्लोडहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेले, तेव्हा मी दार लावलं, पडदा ओढला, पदर कमरेला खोचला आणि त्या मशीनवर बसले. आधी नुसता दांडा, डाव्या हातानं खाली ओढून उजव्यात घेतलेला. चार दिवसांनी एक वजन घातलं. अडीच किलोची गोल थाळी, मधे भोक. मला ती भाकरीच वाटली, जरा जाड थापलेली. मग रोजचा हिशेब भाकरीतच होऊ लागला. आज एक भाकरी. आज दोन.

सोडताना भाकरी खाली आदळायच्या. खडाक, खडाक. आठवडा झाला नाही तोच शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "काय कुटता हो रोज?"

केस पिकलेल्या बाईनं व्यायाम करते म्हणून कसं सांगायचं? माझ्या तोंडातून निघालं, "मिरची."

"मशीन आणलं व्हय? बरं झालं बाई."

दुसऱ्या दिवशी त्या दोन किलो वाळलेली मिरची घेऊन दारात. आता काय करू? पिशवी पदराखाली घेतली, कोपऱ्यावरच्या कांडपावर गेले, शिंकत शिंकत रांगेत उभी राहिले आणि मिरची कुटून आणून दिली. आठवड्यानं त्या परत आल्या. "तुमच्या मशीनची लई बारीक येती. त्या कोपऱ्यावरच्याला असं जमतच नाय." त्यांनी गल्लीत सांगितलं. मग आणखी दोघी आल्या. माझा व्यायाम अर्धा तास आणि मिरचीची ये-जा एक तास, असं सुरू झालं.

महिन्यानं लेक बाळंतपणाला आली. तोवर मी चार भाकरी ओढत होते. एका दुपारी ती झोपलेली असताना वाटलं, आता पाहावं. वरवंटा टॉवेलात गुंडाळला, कपाटासमोर उभी राहिले आणि पाळण्यावरून देतात तसा दोन्ही हातांनी पुढं धरून वर न्यायला लागले. छातीपर्यंत गेला. तिथं हात अडला आणि वरवंटा खाली अंथरलेल्या गादीवर पडला. बाळ असतं तर, एवढंच डोक्यात आलं.

दारात हे उभे होते. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये यांचा जन्म गेला. आता रिटायर आहेत.

"काय चाललंय?"

"चार भाकरी ओढते हो मी," मी म्हणाले. "अन् हा एवढा वरवंटा जाईना."

भाकरी कसल्या हे त्यांना आधी समजेना. समजल्यावर हसले. मग म्हणाले, "बस बरं, दाखव."

मी बसून ओढून दाखवलं. त्यांनी नुसतं तारेकडं पाहिलं.

"अगं, हात वर कोण नेतंय? मशीन नेतंय. तू खाली ओढतीस फक्त. हे तर विहिरीचं पाणी शेंदणं झालं. शेंदणारीला घागर डोक्यावर चढवता येतीच असं नाय."

"म्हणजे इतके दिवस वाया?"

"वाया कशाला? गंज निघाला की. आता उलटं कर."

संध्याकाळी त्यांनी पाना घेतला आणि तार खालच्या कप्पीतून ओवून घेतली. आता उभं राहून दांडा जमिनीकडून वर उचलायचा. मी मोठ्या तोऱ्यात दोन भाकरी घातल्या. हलेनात. एक घातली. तीही नाही. चार भाकरी ओढणारी बाई पुन्हा नुसत्या दांड्यावर आली!

दार लावायचं आता कारण नव्हतं. घरात सगळ्यांना कळलंच होतं. लेक पलंगावर बसून लसूण सोलायची आणि मोजायची. "आई, अजून दोन. आठच झाले. फसवू नको." खडाक झालं की पोटातलं बाळ हलायचं. ती माझा हात धरून पोटावर ठेवायची. महिनाभरात पहिली भाकरी छातीच्या वर गेली. त्या दिवशी मी वेणी स्वतः घातली. वाकडी झाली, पण घातली.

नात झाली. वजन सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, एक भाकरी आणि वर लोण्याचा गोळा.

बाराव्या दिवशी बारसं आमच्याच घरी. मशीनवर मी पलंगपोस टाकला होता. पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या, गल्लीतल्या बायका आल्या, विहीणबाई त्यांच्या लेकीला आणि जाऊबाईला घेऊन आल्या. पाळण्यापाशी जाऊन त्यांनी हाक मारली, "जाऊबाई, या बरं अशा पुढं."

"मी उभी राहते" एवढंच बोलायचं होतं. पण ते बोलण्यापेक्षा चालणं सोपं होतं. सरळ चालत गेले आणि माझ्या जागेवर उभी राहिले. जाऊबाई दोन पावलं मागं झाल्या. विहीणबाईंनी माझ्या खांद्याकडं पाहिलं आणि वरवंटा हातात घेतला.

"गोविंद घ्या." त्यांनी खालून दिला. "गोपाळ घ्या." मी वरून दिला. मग बाळ आलं. तिला घेतलं, दोन्ही हातांत नीट धरलं आणि उचललं. कोपर कुठंच अडलं नाही. पाळण्याच्या वर ती क्षणभर माझ्या हातांवर होती, डोळे मिटून, तोंड हलवत. लोखंडापेक्षा कितीतरी हलकी. दोनदा द्यायचं तिथं मी तीनदा दिलं.

मग बाळाच्या आत्यानं तिच्या कानात नाव सांगितलं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत सगळ्या बायका धपाटे घालतात. मीही एक घातला.

"आई गं!" आत्या ओरडली. "वरवंटा घातला का कुणी?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी हात पदराखाली घेतला.

"इहीणबाई, खाता तरी काय?" विहीणबाई म्हणाल्या.

"अहो, त्या मिरची कुटतात," शेजारच्या वहिनी अभिमानानं म्हणाल्या. "घरात मशीन हाय त्यांच्या."

लेक हसून हसून पोट धरायला लागली. "आई, आता सांगच तू."

मी पलंगपोस ओढला. वहिनींनी मशीनला एक चक्कर मारली, वर पाहिलं, खाली वाकून पाहिलं. "मिरची कुठून टाकतात हो ह्याच्यात?"

मग मी एका दमात सगळं सांगितलं. ओटीभरणापासून कांडपापर्यंत. इतक्या माणसांत इतकं मी कधी बोलले नव्हते.

"म्हंजे ती मिरची कोपऱ्यावरचीच?" वहिनी म्हणाल्या. "अन् मी त्या बिचाऱ्याला नावं ठेवते!" घुगऱ्यांचा वाटा मग त्यांनी आधी कांडपवाल्याला पाठवला.

विहीणबाई मुक्कामाला राहिल्या. सकाळी मी चहा ठेवत होते, तर आतून खडाक झालं. जाऊन पाहते तर त्या मशीनसमोर पदर खोचून उभ्या, दांडा हातात, कपाळावर घाम. पाळण्यात नात झोपलेलीच. तो आवाज तिला पोटातूनच ओळखीचा.

"दोन घातल्या तर हलंना," त्या म्हणाल्या. "काल वरून घेताना माझेच हात कापत होते, कुणाला बोलले नाय. पुढच्या नातवंडाला तुमच्यासमोर उभं राहायचंय मला. टाका मला बी एक भाकरी."

मी गॅस बंद करून आले आणि दोन्ही भाकरी काढून ठेवल्या.

"आधी नुसता दांडा," मी म्हणाले.