बाबांच्या खोलीवरची कौलं

माझे सासरे हट्टी आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, मग इथं लिहायला कसली चोरी? ओझरला विमानाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. इंदिरानगरच्या आमच्या घरात खाली ऐसपैस जागा असताना हे राहणार गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. का, तर तिथून आभाळ दिसतं आणि टीव्ही ऐकू येत नाही.

गेल्या मे महिन्यात दुपारी ताक द्यायला वर गेले, तर बाबा फरशीवर पडलेले. अंगाला हात लावला तर चटका बसला. दवाखान्यातून परत आणल्यावर नवऱ्यानं त्यांना हॉलमध्येच ठेवून घेतलं. एसीनं त्यांचे गुडघे धरायचे. दोन घास कसेबसे खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझ्याशी भांडेनासे झाले, तेव्हा मात्र मी घाबरले.

पत्रा काढून कौलं घालायची, असं मीच ठरवलं. हल्ली आर्किटेक्ट मंडळी 'टेराकोटा' म्हणत बंगल्यांच्या भिंतींनासुद्धा हीच लावतात. मालेगावला यंत्रमागाचं एक जुनं शेड पाडत होते, तिथून टेम्पो भरून आणली. कौलांना कापसाचे तंतू चिकटलेले.

"आम्ही विमानं उडवली आणि ही बाई डोक्यावर मडकी मांडतेय!" बाबा कडाडले. भांडले एकदाचे! मला इतकं बरं वाटलं.

धुवायला म्हणून पहिलं कौल टबात बुडवलं आणि बघतच राहिले. बारीक बारीक बुडबुडे, चुर्र असा आवाज, आणि कौल आपलं पाणी पितंय! भट्टीतून निघून किती काळ लोटला असेल, तरी तहान शिल्लकच. हातातली कामं टाकून मी एकेक कौल बुडवत बसले, वेड्यासारखी. गवंड्यानं ती दोन थरांत घातली, मध्ये हवा खेळायला फट ठेवली. बस, एवढंच. एवढीशी माती नाशिकचं ऊन अडवणार? माझाच विश्वास बसेना.

यंदा बाबा पुन्हा वर गेले. पुन्हा चक्कर आली तर खोलीला कायमचं कुलूप, असं नवऱ्यानं बजावलं होतं.

मेमधल्याच एका दुपारी मी वर गेले. गच्ची चपलेतूनही भाजत होती. "बाबा? अहो बाबा!" दार ढकललं. ते भिंतीकडे तोंड करून निपचित पडलेले. धावत जाऊन कपाळावर हात ठेवला. कपाळ गार. अरे देवा!

एक डोळा उघडला. "ओरडतेस काय? दार लाव आधी, झळ आत येतेय. आणि ती चादर दे पायांवर."

चादर! मे महिन्यात, भर दुपारी! मी ती त्यांच्या पायांवर घातली आणि तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडले.